भोर, कुट्ट, कभिन्न : मराठीतल्या गर्द काळ्याचा आढावा

मराठीत केस काळेभोर असतात, रात्र काळीकुट्ट असते आणि कडा काळाकभिन्न असतो. तिन्ही शब्दांचा कोशातला अर्थ जवळपास एकच: अतिशय काळा. तरीही 'काळेकुट्ट केस' म्हटलं की ऐकणारी बाई चमकून बघते, आणि 'काळीभोर रात्र' म्हणणारा माणूस एक तर कवी असतो किंवा प्रेमात पडलेला. अर्थ खरोखर एकच असता तर ही अदलाबदल कुणाला खटकली नसती. ती खटकते, त्या अर्थी या जोडशब्दांत गडदपणाखेरीज आणखी काही भरलेलं आहे. ते काय आहे, आणि या सगळ्यांत 'काळाभोर'लाच कवितेत आणि घरगुती बोलण्यात एवढा मान का, याचा हा आढावा.

अशी तपासणी कोश उघडून पुरी होत नाही. काळा रंग जिथे रोजच्या व्यवहारात आहे, अशा ठिकाणी शब्द तपासून पाहावे लागतात. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातलं माकणी हे तसं ठिकाण आहे. गाव तेरणेच्या काठचं. निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण इथेच आहे आणि आसपासची माणसं त्याला माकणीचं धरण म्हणूनच ओळखतात. शिवार दख्खनच्या काळ्या खडकाचं आणि त्या खडकापासून झालेल्या काळ्या मातीचं. कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळे कानडीही कानावर पडते. जिल्ह्याच्या जुन्या नावानं ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी बहुतेक काळीच. तुळजापूरची भवानी याच जिल्ह्यातली, काळ्या गंडकी शिळेची म्हणून ओळखली जाणारी. काळ्याच्या इतक्या तऱ्हा एका टापूत असल्यावर शब्दांची परीक्षा घेणं सोपं जातं.

घडण

आधी व्याकरण उरकून घेऊ. 'काळाभोर'मधला पहिला भाग लिंग-वचनाप्रमाणे बदलतो, दुसरा जागचा हलत नाही: काळाभोर घोडा, काळीभोर जमीन, काळेभोर डोळे, काळ्याभोर केसांत. दुसरा भाग एकटा उभा राहू शकत नाही. 'भोर केस' कुणी म्हणत नाही, 'कुट्ट ढग'ही नाही. याउलट 'मिट्ट काळोख', 'गडद छाया', 'किर्र रात्र' यांतली विशेषणं 'काळा'चा हात न धरता चालतात.

या दुसऱ्या भागांचे दोन गट पडतात. काहींना स्वतःचा अर्थ आहे. 'काळाकिट्ट'मधलं किट्ट म्हणजे साचलेला मळ, काजळी. म्हणून तव्याचं बूड काळंकिट्ट. 'पांढराशुभ्र'मधला शुभ्र उघडच आहे. 'पिवळाजर्द'मधला जर्द हा फारसीतला पिवळा, म्हणजे आपण पिवळा पिवळा असंच म्हणतो. शाईचंही तसंच: शब्द फारसी 'स्याही'तून आला, त्याचा अर्थ काळेपणा, आणि तरी आपण काळी शाई म्हणतो, लाल शाईही म्हणतो. दुसऱ्या गटात भोर, कुट्ट, कभिन्न, ठिक्कर. आजच्या मराठीत यांना वेगळा अर्थ उरलेला नाही. 'भोर'चा धागा भ्रमराशी जोडण्याचा मोह होतो. भ्रमराचा प्राकृतात भमर झाला, हिंदीत भौंरा, मराठीत भोवरा. आणि कुरळ्या केसांना भुंग्यांच्या थव्याची उपमा देण्याची संस्कृत कवींची जुनी सवय. वाट शक्यतेतली आहे. पण आज 'काळेभोर डोळे' म्हणणाऱ्याच्या मनात भुंगा नसतो, त्यामुळे मूळ सापडलं तरी वापर त्यातून उलगडणार नाही. वापर उलगडतो तो सोबतीतून, म्हणजे कोणता शब्द कुणाशेजारी बसतो ते पाहून.

सोबत पाहिली की पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी: मराठीत जवळजवळ प्रत्येक रंगाला एक कौतुकाची आणि एक नापसंतीची जोड आहे. धुतलेलं धोतर पांढरंशुभ्र, आजाऱ्याचा चेहरा पांढराफटक. पेरूच्या आतला गर लालचुटुक, रागावलेला चेहरा लालबुंद, आणि न शोभणारी साडी लालभडक. रंगाची मात्रा सगळीकडे भरपूरच आहे. फरक आहे तो बोलणाऱ्याच्या मताचा. काळ्याबाबत हेच काम भोर आणि कुट्ट करतात. 'भोर' म्हणजे काळा आणि हवासा. 'कुट्ट' म्हणजे काळा आणि नकोसा. बाकीचे शब्द या दोघांच्या मध्ये किंवा बाजूला आपापली जागा धरून आहेत.

काळी आणि पांढरी

माकणीच्या शिवारात 'काळी' हे विशेषण नाहीच, ते नाम आहे. जुन्या कागदांत आणि बोलण्यात गावाचे दोन भाग: काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. वस्ती शेकडो वर्षं एका ठिकाणी राहिली की चुलीची राख, शेण, चुना, पडलेल्या भिंतींची माती यांनी जमिनीचा रंग फिकट होतो. म्हणूनच पुरातत्त्वाचे अभ्यासक पांढरीची टेकाडं शोधत हिंडतात. माकणीच्या वरच्या अंगाला, याच तेरणेच्या काठी, तेर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी वर्णनातलं तगर ते हेच. तिथली सातवाहनकाळची मणी-मूर्ती, भांडी, नाणी पांढरीच्या टेकाडांतूनच वर आली आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहामुळे गावातच राहिली. संत गोरोबाकाकांचं गावही तेच. काळी पिकवते आणि पांढरी राखते, अशी ही वाटणी आहे.

आता प्रश्न असा की काळीला 'काळीभोर' केव्हा म्हणतात? बारा महिने नाही. एप्रिल-मे महिन्यात हीच जमीन राखाडी, करडी दिसते, तिला हात हात खोल भेगा पडतात आणि कुणी तिला भोर म्हणत नाही. पाऊस पडून गेला, पाणी मुरलं, वाफसा आला, नांगराच्या किंवा ट्रॅक्टरच्या तासातून खालची माती वर आली, की ती काळीभोर होते. याला भौतिक कारण आहे. ओल्या मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर असतो, त्यात शिरलेला प्रकाश आतल्या आत अडकतो आणि बाहेर कमी परततो, म्हणून ओली माती सुकीपेक्षा गडद दिसते. शेतकऱ्याला त्या गडदपणात दिसतं ते पीक. 'काळीभोर' म्हणजे पेरायला तयार. शब्द रंगाचा आहे, बातमी ओलीची आहे.

या मातीचं शास्त्र थोडक्यात असं. दख्खनचा बेसॉल्ट झिजून ती झाली. तिच्यात स्मेक्टाइट गटातली चिकणमाती भरपूर. ती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते, म्हणून भेगा. पाणी धरून ठेवण्याची ताकद मोठी, म्हणून खोल काळ्या जमिनीत पावसाळा संपल्यावर नुसत्या ओलीवर रब्बी ज्वारी उभी राहते. मालदांडी ज्वारीची कीर्ती याच ओलीवर उभी आहे. इंग्रजी भूगोलाच्या पुस्तकांतून आलेला 'रेगूर' हा शब्द मुळात तेलुगू 'रेगडि'.

काळेपणाबद्दल मात्र एक गैरसमज पक्का बसलेला आहे: जितकी काळी तितकी कसदार. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमीच असतो, बऱ्याचदा एक टक्क्याच्याही खाली. तिचा रंग येतो तो चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसलेल्या थोड्याशा सेंद्रिय द्रव्यामुळे आणि खडकातून आलेल्या लोह-टायटॅनियमच्या खनिजांमुळे. पाण्याचा निचरा न होणारी चिबड जमीनही काळी, आणि सोडियम वाढून बिघडलेली चोपण जमीनही काळीच. त्या दोन्हींना मात्र शेतकरी काळीभोर म्हणताना आढळत नाही. तो चिबड म्हणतो, चोपण म्हणतो, आणि रंगाचं नावच घेत नाही. डोळ्यांना सारखा दिसणारा रंग जिभेवर वेगळा होतो, तो इथे.

धरणामुळे या शब्दाला एक नवा उपयोग मिळाला. जलाशयात वाहून येणारा गाळ म्हणजे वरच्या शिवारांतली मातीच. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही राज्य सरकारची योजना २०१७ साली आली आणि तलावातला गाळ हलक्या, मुरमाड रानांत पसरण्याला वेग आला. ज्याची जमीन बरड, त्याच्या रानात पसरलेला हा थर काळाभोर. धरणात होता तोवर तो नुसता गाळ होता, अभियंत्यांच्या हिशेबात साठा खाणारा. रानात आल्यावर त्याला 'भोर' मिळालं.

काळ्या आईचा सण

लातूर-धाराशिव आणि लगतच्या कर्नाटकात मार्गशीर्ष अमावास्येला शेतात जाऊन काळ्या आईची पूजा होते. कागदावर तिला वेळा अमावस्या म्हणतात, तोंडी येळवस. कानडी मुलखात हीच एळ्ळ अमावस्ये. तिथे 'एळ्ळु' म्हणजे तीळ. ज्वारी भरात आलेली असते, हरभरा घाट्यांवर असतो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, आत चुन्यानं रंगवलेले दगड पांडव म्हणून मांडतात, आंबिलाचा माठ, भज्जी, उंडे, खीर असा नैवेद्य दाखवतात आणि मग पाव्हण्यारावळ्यांसह शेतातच जेवणं होतात. त्या दिवशी गावं ओस आणि रानं भरलेली असतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं इथे दोन गोष्टी आहेत. पहिली, 'काळी आई' या नात्यात काळेपणा झाकलेला नाही. तिला सावळी, निमगोरी करून घेतलेलं नाही. रंगाचं नाव तेच आईचं नाव. दुसरी, हा सण अमावास्येचा. मराठीत इतरत्र अमावास्या म्हणजे टाळायची तिथी, प्रवास नको, शुभकार्य नको. दिवाळीचं लक्ष्मीपूजन हा एक मोठा अपवाद, आणि या टापूत येळवस हा आणखी एक. काळोखाच्या तिथीला काळ्या जमिनीचं कौतुक, असा योग इथे जुळून आला आहे.

काळ्याचं शुभ रूप मराठी घरात आणखीही दिसतं. मंगळसूत्राचे मणी काळे. बाळाच्या गालावरची तीट काळी. संक्रांतीला नेसायचं लुगडं काळं, आणि त्याला नाव मात्र चंद्रकळा. हा तर गर्द काळ्यासाठी मराठीनं घडवलेला सगळ्यात काव्यमय शब्द: कापड अमावास्येचं आणि नाव चंद्राच्या कलेचं. अशा ठिकाणी 'कुट्ट' जवळ फिरकत नाही.

कभिन्न, शार, कुळकुळीत, ठिक्कर

बाकीच्या शब्दांचा पैस लहान आहे, पण प्रत्येकाची हद्द नेमकी आहे.

'कभिन्न'ला वजन लागतं. कडा, कातळ, बुरुज, हत्ती, दांडगा पैलवान. जिल्ह्यातल्या नळदुर्गचे बेसॉल्टचे तट काळेकभिन्न. बोरी नदी अडवून बांधलेल्या आदिलशाही बंधाऱ्यात पाणी महाल आहे, त्याच्या भिंतीही तशाच. केस कधी काळेकभिन्न होत नाहीत, कारण केसांना वजन नाही. काळ्या दगडावरची रेघ ही म्हणही याच मुलखाच्या दगडाची: जी पुसली जात नाही ती.

'शार'ला खोली लागते. म्हणून तो निळ्यालाही चालतो आणि काळ्यालाही: डोह निळाशार, विहिरीचं पाणी काळंशार. 'कुळकुळीत'ला चकाकी लागते, तीही तेलकट. न्हाऊमाखू घातलेली म्हैस, पिकलेलं जांभूळ, अंगावर उन्हाची झाक घेतलेली उस्मानाबादी शेळी. 'ठिक्कर' जळण्याशी जोडलेला आहे: करपलेली भाकरी काळीठिक्कर, आणि भीतीनं किंवा दुखण्यानं चेहरा काळाठिक्कर पडतो. इथे क्रियापद 'पडतो' आहे, हे लक्षात घ्यावं. काळाभोर कुणी पडत नाही.

सगळ्यात बोलकी परीक्षा ढगाची. ढग दोन्ही शब्द घेतो. मृगात आभाळ भरून आलं, पेरणी खोळंबलेली आहे, तर ढग काळेभोर. तेच ढग फेब्रुवारी-मार्चमध्ये, हरभरा काढून रानात पडलेला असताना किंवा द्राक्षाचे घड उतरायला आलेले असताना आले, तर काळेकुट्ट. आकाशात फरक काही नाही, महिना बदलला. गारपिटीची आठवण असलेल्या शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आणि एक मोठा गट असा, जिथे कुठलीच जोड लागत नाही: काळा पैसा, काळा बाजार, काळी यादी, बेळगावच्या सीमाभागात दरवर्षी १ नोव्हेंबरला पाळला जाणारा काळा दिवस. हे काळे सपाट आहेत. इंग्रजीतून उचललेल्या कल्पनांवर बेतलेले असल्यानं त्यांत रंग डोळ्यांनी पाहिलेला नाही. जो काळा पाहिलेला असतो त्यालाच मराठी माणूस भोर-कुट्ट लावतो.

काळरात्र

माकणीच्या परिसराबद्दल लिहिताना ३० सप्टेंबर १९९३ टाळता येत नाही. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरच्या टापूत भूकंप झाला. तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजली गेली. सुमारे आठ हजार किंवा त्याहून जास्त माणसं गेली, आणि नंतर बावन्न गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. तेव्हापासून त्या रात्रीला सगळीकडे 'काळरात्र' म्हणतात, आणि लेखांत तिच्याआधी हमखास 'काळीकुट्ट' येतं.

पंचांग वेगळं सांगतं. आदल्या संध्याकाळी अनंत चतुर्दशीचं गणेश विसर्जन झालं होतं; ३० सप्टेंबर ही पौर्णिमा. म्हणजे तिथीनं ती वर्षातल्या सगळ्यात उजळ रात्रींपैकी एक होती. 'काळरात्र'मधला काळ हा रंग नव्हेच. तो मृत्यू. संस्कृतात 'काल' हा एकच ध्वनी वेळ, मृत्यू आणि काळा वर्ण या तिन्हींसाठी आला, आणि मराठीत 'काळ' नि 'काळा' जवळ जवळ राहिल्यानं सरमिसळ होते. काळरात्र पौर्णिमेची असू शकते. तिला 'काळीकुट्ट' चिकटवणारा लेखक वाचकाला काही दाखवत नाही, फक्त सवय चालवतो.

त्या रात्री माणसं मेली ती दगड-मातीच्या भिंती आणि जाड माळवदं अंगावर कोसळून. ऊन-पावसापासून राखायला माळवदावर वर्षानुवर्षं पांढऱ्या, चिकट मातीचे थर चढवलेले असत, आणि त्या ओझ्याखाली घरं बसली. पुढे नवी गावं वसवायला जागा लागली ती शेतांची. पिढ्यान् पिढ्या जी काळी होती तिथे आता पांढरी झाली, आणि जुन्या पांढरीवर गवत उगवलं. हा भूगोलातला बदल शब्दांनी सहज पचवला; काळी नि पांढरी ही नावं जागेची नव्हतीच, कामाची होती.

सावळा देव

कवितेत गर्द काळ्याचा सगळ्यात मोठा वापर अर्थात विठ्ठलाच्या पायाशी झाला. 'सावळा' हा संस्कृत श्यामलचा मराठी अवतार. घनश्याम, मेघश्याम, घननीळ हे त्याचे भाऊबंद. संस्कृतातला 'नील' गडद निळ्यापासून काळ्यापर्यंत पसरलेला, त्यामुळे देव निळा की काळा हा वाद तिथे उद्भवत नाही. संतांनी विठ्ठलाला थेट काळाही म्हटलं आहे, आणि विष्णुदासनाम्याच्या नावावरच्या एका प्रसिद्ध गौळणीत तर रात्रीपासून पाण्यापर्यंत सगळी सृष्टी काळी करून टाकली आहे. जात्यावरच्या ओव्यांमध्येही हाच रंग. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकारानं गोळा झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांत सावळा विठ्ठल हा घरातला माणूस आहे, बाई त्याच्याशी भावासारखं बोलते.

ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला कानडा म्हटलं ते सर्वश्रुत आहे. माकणीसारख्या सरहद्दीजवळच्या गावाला त्यातला दुसरा धागाही दिसावा. कानडीत 'करि' म्हणजे काळा, आणि कर्नाटक या नावाची एक व्युत्पत्ती 'करु नाडु', काळ्या मातीचा देश, अशी दिली जाते. दुसरी, उंच प्रदेश अशी. पहिली मानली, तर कानडा देव हा काळ्या मातीच्या देशातला देव ठरतो, आणि त्याचा वर्ण नि त्याच्या भक्तांच्या शेताचा वर्ण एकच होतो. हे सिद्ध करायची गरज नाही. पेरणी उरकून आषाढीला पायी निघणाऱ्या शेतकऱ्यानं हा हिशेब कधीच जुळवलेला आहे.

इतर भाषांत

काळ्याचे असे भाग पाडणारी मराठी एकटी नाही. लॅटिनमध्ये दोन शब्द होते: 'आतेर' हा निस्तेज काळा आणि 'निगेर' हा चकाकणारा. पहिल्याला अशुभाची छटा होती. जपानी कवितेत 'नुबातामा' हे एका वनस्पतीच्या काळ्या बियांचं नाव रात्र, केस आणि स्वप्न या शब्दांच्या आधी ठरावीक विशेषणासारखं येतं. आठव्या शतकातल्या 'मान्योशू' संग्रहात ते आहे. केसांसाठी आणि रात्रीसाठी तिथे एकच शब्द चालला. मराठीनं केसांना भोर दिलं आणि रात्रीला कुट्ट. १९६९ साली ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी अनेक भाषांची तुलना करून मांडलं की रंगांची नावं मोजकीच असलेल्या भाषांतही काळा-पांढरा हा भेद असतोच. अलीकडे प्रयोगशाळांनी काळ्याची शर्यत लावली आहे: २०१४ साली जाहीर झालेलं 'व्हँटाब्लॅक' हे लेपन त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ९९.९६५ टक्के गिळतं. काळेपणाची मात्रा म्हणून हे मोठंच. पण मात्रा मोजून भोर मिळत नाही, आणि कुट्टही नाही.

जिथे 'भोर' थांबतो

आता आढाव्यातला सगळ्यात अडचणीचा भाग. डोळे काळेभोर, केस काळेभोर, जमीन काळीभोर, घोडा काळाभोर. माणूस? माणसाच्या वर्णाला 'भोर' लागताना जवळजवळ दिसत नाही. गोऱ्या वर्णाला 'गोरापान' आहे, 'गोरागोमटा' आहे. काळ्या वर्णाला कौतुकाची एकही जोड रूढ झालेली नाही. आहेत ते काळाबेंद्रा, काळाठिक्कर, काळाकुट्ट. सौम्य व्हायचं तर 'सावळी' किंवा 'काळीसावळी'. लग्नाच्या बोलण्यात पट्टी ठरलेली असते: गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी. पट्टी तिथेच संपते, पुढचा शब्द उच्चारलाच जात नाही. उच्चारला तर त्याच्यामागे 'पण' येतो: काळी आहे, पण नाकीडोळी नीटस. त्या एका 'पण'मध्ये सगळी समाजव्यवस्था बसलेली आहे. वृत्तपत्रांनी परदेशातल्या लोकांसाठी 'कृष्णवर्णीय' हा शब्द काढला, तोही सभ्य आडोसाच आहे. गावातल्या माणसासाठी तो कुणी वापरत नाही.

वर्णाच्या या शब्दांना जातीचा वास आहे, हे दलित साहित्यानं उघड सांगितलं. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतल्या काळ्या लेखकांच्या साहित्याची ओळख मराठवाड्यातल्या तरुण लेखकांना करून दिली, औरंगाबादच्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकाभोवती ती चर्चा वाढली. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली ती अमेरिकेतल्या १९६६ च्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला आणि कवितेतल्या काळोखाला सोज्वळ राहणं कठीण झालं. बाजार हललाच नाही असंही नाही: २०२० साली 'फेअर अँड लव्हली' या क्रीमचं नाव 'ग्लो अँड लव्हली' झालं. नाव बदललं, घराघरातली पट्टी मात्र आहे तिथेच आहे.

देवाचा काळेपणा पूजला, जमिनीचा काळेपणा आई म्हणून मानला, केस-डोळ्यांचा काळेपणा गाण्यात घातला, आणि मुलीचा काळेपणा 'पण'नं झाकला. या चौघांत रंगाचा फरक नाही. 'काळाभोर' हा शब्द हवंसं काय आणि नकोसं काय हे सांगतो, असं वर म्हटलं. मग माणसाच्या कातडीपाशी तो का थांबतो, याचं उत्तरही त्यातच आहे.

निष्कर्ष

आढाव्यातून तीन गोष्टी हाती लागतात. एक, मराठीतल्या गर्द काळ्याच्या जोडशब्दांत मात्रेची उतरंड नाही. भोर हा कुट्टपेक्षा कमी काळा नाही आणि जास्तही नाही. दोन, त्यांची निवड वस्तूच्या गुणावर आणि त्याहून जास्त बोलणाऱ्याच्या गरजेवर ठरते: वजनाला कभिन्न, खोलीला शार, चकाकीला कुळकुळीत, जळण्याला ठिक्कर, धास्तीला कुट्ट, ओढीला भोर. तीन, कवितेत 'काळाभोर' टिकला तो गोड वाजतो म्हणून नव्हे. मराठीत काळ्याला चांगलं म्हणणारा तोच एक रोजचा शब्द आहे म्हणून.

लिहिणाऱ्यांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. रात्र दिसली की काळीकुट्ट आणि केस दिसले की काळेभोर, ही सवय सोडावी. पौर्णिमेच्या रात्रीला काळीकुट्ट म्हणण्याआधी पंचांग पाहावं आणि भेगाळलेल्या जमिनीला काळीभोर म्हणण्याआधी महिना. आणि 'भोर' हा शब्द माणसांनाही द्यावा. काळीभोर मुलगी, काळाभोर मुलगा असं कथेत, कवितेत, घरात सरळ म्हणून पाहावं, मागे 'पण' न लावता. सुरुवातीला कानाला खटकेल. चार पिढ्यांनी म्हटलं की भाषेला त्याची सवय होते, आणि जो शब्द जमिनीला शोभतो तो ती कसणाऱ्यालाही शोभायला हरकत नाही.